जिथून यम परत गेला

ज्या घरातला माणूस गेला की आहे हेच ठरलेलं नाही, त्या घरी जाताना हातात काय न्यावं? सुतकाच्या घरी गोड नेत नाहीत. सुतक नसलेल्या घरी, त्यातून धाकट्या बहिणीच्या, रिकाम्या हातानं जात नाहीत. वाईच्या बाजारात मी पेढ्यांच्या दुकानासमोर उभी राहिले, पुढं गेले, परत आले. दुकानदार ओळखीचा. "मावशी, किती बांधू?" म्हणाला, तर त्याच्यावरच खेकसले. शेवटी किराण्यातून वाघ्या घेवडा घेतला. घेवडा सुतकात चालतो, सणालाही चालतो. इतकी वर्षं खानावळ चालवून एवढी अक्कल तरी आली आहे.

बहीण शैला, नागभीडला दिलेली. तिचा नवरा दिवाकर शिकायला आमच्याकडं आला होता, माझ्याच खानावळीत जेवायचा, तिथंच दोघांचं जुळलं. मूलबाळ झालं नाही, पण संसार सुखाचा. दिवाकर गुरांच्या दवाखान्यात कामाला होता. गडचिरोलीच्या जंगलातल्या गावांत जाऊन गुरांना लसी टोचायचा, अडलेल्या गाई सोडवायचा. श्रावणात असाच एका गावाहून परतताना कठाणी नदीच्या रपट्यावरून मोटरसायकलसकट पाण्यात गेला. रपटा म्हणजे अगदी ठेंगणा पूल, नदी जरा फुगली की पाण्याखाली जाणारा. मोटरसायकल सापडली. लसींचा डबा झुडपात अडकलेला सापडला. दिवाकर काही सापडला नाही. नावा लावून, गळ टाकून शोधलं आणि मग शोधणारे थकून घरी गेले.

दसरा झाल्यावर मी निघाले.

नागभीड

गाडीतून उतरले तेव्हा दोन्ही बाजूंना नुसता धान, म्हणजे आपला भात. आमच्याकडं उसाच्या फडात माणूस हरवतो, इथं बांधावर उभं राहिलं की नजर पार जंगलाच्या काळ्या रेघेपर्यंत पोचते. लवकर येणारा हलका धान पिवळा पडत आलेला, उशिराचा भारी धान अजून हिरवा. एरवी मी म्हटलं असतं, काय सुंदर मुलूख आहे. त्या दिवशी मला ते सगळं उघडं उघडं आणि निर्दय वाटलं.

शैलानं दार उघडलं. कपाळावर ठळक कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, आणि चेहरा असा की बघवेना. मी तिला जवळ घेणार तोच आतून सासूबाईंचा, म्हणजे आमच्या विहीणबाईंचा आवाज आला, "शैला, पाहुणीले पाणी दे. रडणंबिडणं नाई करायचं."

विहीणबाईंचं नाव अनसूयाबाई. हाडाच्या शेतकरी, ताठ, नाकात नथ नाही पण तोरा नथीचा. त्यांचं म्हणणं एकच. लेकाचं प्रेत पाहिलं नाही, म्हणजे लेक मेला नाही. देव तारी त्याला कोण मारी. जिवंत माणसासाठी रडलं तर ते रडणं त्याला लागतं, म्हणून घरात रडायला बंदी. दिवसकार्य नाही, दहावं-तेरावं नाही, काही नाही.

संध्याकाळी शेजारच्या घरी हळदीकुंकू होतं. शैला जायला तयार नव्हती, सासूनं पाठवलं. मी सोबत गेले. यजमानीण सगळ्या बायकांना लावत लावत शैलापाशी आली. बोट कुंकवात बुडवलेलं, पण पुढं येईना. तिनं एकदा शैलाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि ते बोट तसंच हवेत. शैलाच म्हणाली, "राहू द्या बाई." आणि उठली.

परतताना वाटेत ती बोलली. तिचं बोलणं आता पार तिकडचं झालंय. "ताई, मी कोण आहो, ते मले कोणी सांगून नाई राह्यलं. लोकं समोर आले की तोंड फिरवते. रडाले आलं तर आई म्हणते, थांब, त्याले लागते. किती थांबू?"

खानावळीत उधारीवाल्या पोरांना, लग्न न जमणाऱ्या बायांना मी नेहमी सांगते, दत्तमहाराजांवर सोडा, वेळ आली की होतं सगळं. ते वाक्य ओठावर आलं आणि मी गिळलं. धाकट्या बहिणीला असलं वाक्य फेकून मारण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

दुसऱ्या दिवशी शैलाचा दीर गजानन निरोप घेऊन आला. ज्या गावाहून दिवाकर परतत होता, त्या गावच्या गोंड लोकांनी सांगून पाठवलं होतं की आम्ही आमच्या देवाला विचारतो, घरच्यांनी यावं. विहीणबाई लगेच पातळ बदलायला गेल्या.

कठाणीकाठचं गाव

गावाचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. ब्रह्मपुरी, आरमोरी, गडचिरोली करत धानोऱ्याच्या बाजूला गाडी वळली, तसं जंगल दोन्हीकडून अंगावर येऊ लागलं. साग, बांबू, मोहाची जुनी झाडं. एका ठिकाणी चाक पंक्चर झालं, गजाननभाऊ जॅक लावत बसले आणि मी खाली उतरले ती नेमकी चिखलात. एक चप्पल त्या चिखलानं ठेवून घेतली ती कायमचीच. पुढचा सगळा प्रवास मी विहीणबाईंच्या जादा चपला घालून केला, दोन बोटं लहान.

मग तो रपटा लागला. पाणी आता गुडघाभर. एवढ्याशा पाण्यात माणूस जातो यावर विश्वास बसत नव्हता. शैला खिडकीतून बघत राहिली आणि विहीणबाईंनी तिचं तोंड हातानं दुसरीकडं वळवलं.

गावचा पुजारी चैतू. तिथं पुजाऱ्याला पेरमा म्हणतात. वाळकासा म्हातारा, कमरेला पंचा, मराठी मोडकी पण नेमकी. त्यानं आम्हाला शाळेच्या ओसरीत उतरवलं आणि सांगितलं की आंगा आज निघणार नाही. आंगा म्हणजे त्यांचा देव. लाकडाच्या दांड्या बांधून केलेला, डोलीसारखा. चार माणसं खांद्यावर घेतात आणि देव नेईल तिकडं जातात. हरवलेलं जनावर, हरवलेला माणूस, गावावरचं संकट, सगळं त्याला विचारतात.

"का नाही निघणार?" मी.

"देवानं नवा नाई खाल्ला अजून."

नवा म्हणजे नवीन धान. तो आधी देवाला देतात, त्याशिवाय गावात कुणी तोंडात घालत नाही, आणि तोवर देवाला उठवतही नाहीत. आणि तो देण्याचा दिवस परवा. माझं डोकंच फिरलं. इथं एक बाई तीन महिने जिवंतपणी मरते आहे आणि यांचा देव भाताच्या लोंब्यांसाठी अडून बसलाय. हे सगळं मी मोठ्यानं म्हटलं. गजाननभाऊ "ताई, ताई" करत राहिले.

चैतूनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "बाई, तुही खानावळ हाय म्हणते ना? भुकेला माणूस दारी आला, तर आधी त्याले रस्ता इचारते का जेवू घालते?"

त्याचं म्हणणं मला पटलं. पण राग गेला नाही, हे कबूल करते.

ते दोन दिवस फार वाईट गेले. घराघरातून जेवण यायचं. सकाळी जावा, म्हणजे तांदळाच्या कण्यांची पातळ पेज, मडक्यात थंड केलेली. दुपारी जुन्या तांदळाचा भात, लाखोरीची डाळ, लाल मुंग्यांची चटणी. ती चटणी मी खाल्ली. आंबट आणि झणझणीत, कोकम आणि मिरची एकत्र वाटल्यासारखी. दुसऱ्या वेळी मागूनही घेतली. आमच्याकडं मुंगी मारली तर साखर टाकून प्रायश्चित्त करतात, हे मी तिथल्या बायकांना सांगितलं तेव्हा त्या तोंडाला पदर लावून हसल्या. शैला मात्र पेजेपलीकडं काही घेईना. विहीणबाई दिवसभर जप करायच्या. गावातल्या बाया एकेक करून यायच्या, शैलाजवळ जरा वेळ बसून उठून जायच्या. एकीनं आपली गाय दाखवायला नेली. दिवाकरनं त्या दिवशी तिचंच वासरू सोडवलं होतं. वासरू चांगलं धष्टपुष्ट झालेलं. शैलानं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

नव्याचा दिवस उजाडला. नवीन धानाचे पोहे कुटून पानावर मांडले, देवाला दिले, मग सगळ्यांना. आम्हालाही दिले. त्यानंतर आंगा निघाला. मोरपिसं बांधलेल्या दांड्या, चौघे गडी, ढोल. आधी तो जागच्या जागी डोलत राहिला आणि मग एकदम रपट्याकडं असा सुटला की आम्हाला पळावं लागलं. चौघे गुडघाभर पाण्यात शिरले. थांबले. परत काठावर आले आणि काठाकाठानं खाली, नदी वाहते त्या दिशेला. काट्याकुट्यांतून, बांबूतून. मी त्या चौघांच्या पायांकडं बघत होते. माणसं देवाला नेतात की देव माणसांना ओढतो, हे पकडायचं होतं मला. पकडता आलं नाही. एवढंच पाहिलं की पुढच्या गड्याच्या पायात काटा घुसून रक्त वाहत होतं आणि त्याला पत्ता नव्हता.

एका ऐनाच्या झाडाखाली दगडांची रास होती. ती गावची शीव. तिथं आंगा थांबला, पुढचा दांडा नदीकडं झुकला, खालच्या अंगाला. आणि मग जड झाल्यासारखा तो जमिनीवरच बसला. ढोल थांबले.

चैतू शैलासमोर आला. "तुहा माणूस आमच्या शिवेत नाई. खाली गेला. आमचा देव शिवेच्या बाहेर नाई जाये. इथून पुढं तुमचा देव."

मी विचारलं, "खाली म्हणजे कुठं?"

गजाननभाऊ म्हणाले, "कठाणी वैनगंगेले मिळते. अन् वैनगंगा खाली मार्कंड्याले जाते."

मार्कंडा ऐकलं आणि विहीणबाईंनी हात जोडले. त्या हसल्या. मी तिथं पोचल्यापासून पहिल्यांदा. "पाहा," म्हणाल्या, "देवानं नाव घेतलं. जिथून यम परत गेला, तिथीच धाडून राह्यला आपल्याले. माहा लेक जिता हाय."

मार्कंड्याची गोष्ट ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. मार्कंडेय नावाच्या मुलाचं आयुष्य सोळा वर्षांचं लिहिलेलं. यम न्यायला आला तेव्हा त्यानं शंकराच्या पिंडीला मिठी मारली, शंकर प्रकटले आणि यमाला हात हलवत परत जावं लागलं. वैनगंगेच्या काठावरच्या त्या देवळात हेच घडलं असं तिकडं मानतात.

शैला दगडांच्या राशीवर बसली होती. ती म्हणाली, "मीबी मार्कंड्याले चालली, आई. पण मी त्यायचा विधी कराले चालली. देवानं पाणी दाखवलं. ते त्या पाण्यात हायेत."

"जिथून यम परत गेला, तिथी माह्या लेकाचं मेलेपण करतं काय?"

"हो."

एवढंच. ती सासूला कधी उलट बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं. एकाच दांड्यानं दोघींना दोन वाटा दाखवल्या होत्या, आणि दोघींचाही त्यावर पुरता विश्वास होता. मला दोघींचीही भीती वाटली.

मार्कंडा

प्रेत मिळालं नाही तर पळसाच्या देठांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. आमच्या वाईच्या घाटावर मी लहानपणी एकदा पाहिलं होतं, फौजेतल्या माणसाचा. इथं पळसाला तोटा नाही, सगळा मुलूख पळसाचाच. गजाननभाऊंनी वाटेत गाडी थांबवून पानं तोडली. विहीणबाई पुढच्या सीटवर बसून समोर बघत होत्या.

मार्कंड्याची देवळं दगडाची, अंगभर कोरलेली. काही उभी, काहींचे दगड जमिनीवर मांडून ठेवलेले. लोक खजुराहोशी तुलना करतात. मी खजुराहो पाहिलं नाही, आणि त्या दिवशी हेही नीट पाहिलं नाही. नदी मात्र पाहिली. आमची कृष्णा घाटांमध्ये बसून राहते, घरातल्या बाईसारखी. ही वैनगंगा अफाट, वाळूच वाळू, पलीकडं चंद्रपूरचा काठ धूसर. एवढ्या पाण्यात एक माणूस शोधायचा म्हणजे अशक्यच, हे मला तिथं कळलं.

विहीणबाई गाभाऱ्यासमोर जाऊन बसल्या. आम्ही खाली वाळूत. गुरुजी मध्यमवयीन, मोजकं बोलणारे. त्यांनी देठ मांडले, दर्भ बांधला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. बघता बघता वाळूवर माणूस आडवा झाला. शैलानं दिवाकरचा निळा सदरा आणला होता, तो वर घातला. मग माझ्यानं बघवेना.

लाकडं रचून झाली, गजाननभाऊंनी आंघोळ केली, आणि विहीणबाई पायऱ्या उतरून आल्या.

"थांबा."

सगळे थांबले. त्या पुतळ्याच्या पायाशी उभ्या राहिल्या. "गुरुजी, हे कवापर्यंत करता येते?"

"सूर्य असेपर्यंत, आई."

"मंग सूर्य हाय तवरीक देवाले वेळ हाय. इथी त्यानं एकाच्या पोराले सोडवलं, माह्याले सोडवाचं असन तर सोडवन. तुमाले घाई कायची?" आणि त्या वाळूत बसल्या.

गुरुजींनी शैलाकडं पाहिलं. मला वाटलं, आता ही भडकणार. शैला सासूच्या समोर, पुतळ्याच्या दुसऱ्या बाजूला बसली. "थांबू," म्हणाली.

असा दिवस माझ्या आयुष्यात दुसरा गेला नाही. ऊन चढलं. मी दोघींच्या डोक्यावर आळीपाळीनं छत्री धरत होते. लोक आंघोळीला यायचे, आम्हाला बघून लांबून जायचे. गजाननभाऊ गुडघ्यांत डोकं घालून बसलेले. गुरुजीही गेले नाहीत, ही त्यांची मोठी गोष्ट. विहीणबाई डोळ्यांवर हात धरून नदीवर नजर ठेवून होत्या. नाव आली की नाव पैलतीराला लागेपर्यंत तिच्याकडं बघायच्या. वाळूत माणूस दिसला की तो जवळ येईपर्यंत. मी मनात दत्ताचा धावा करत होते, आणि काय मागावं ते मला कळत नव्हतं. तो येऊ दे म्हणावं तर ते वेड्यासारखं, येऊ नको म्हणावं तर पाप.

ऊन कलल्यावर वरच्या अंगानं एक माणूस आला. एका पायानं किंचित ओढत, खांद्यावर पंचा. दिवाकरची चाल अगदी अशीच नव्हती, पण तीन महिने नदीत, जंगलात काढलेल्या माणसाची कशी असेल कोण जाणे. विहीणबाई उठून उभ्या राहिल्या. शैलाही उठली. माझ्या हातातली छत्री खाली पडली.

तो जवळ आला. कुणीतरी अनोळखी शेतकरी. आमच्या मधोमध काय मांडलंय ते दिसताच त्यानं चपला काढल्या, हात जोडले, आणि ओशाळून म्हणाला, "माफ करा. म्हस सुटली माही. दिसली काय कोणाले?"

विहीणबाईच बोलल्या. दिवसभर नदीकडं त्यांच्याइतकं कुणी पाहिलं नव्हतं. "वरच्या डोहात हाय. एक शिंग मोडकं, तेच नं? तिकडून जा, इकडून गाळ हाय."

"तेच, माय." तो गेला. त्या तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिल्या. म्हैस पाण्याबाहेर निघालेली, तो तिला हाकत नेताना, सगळं आम्हाला लांबून दिसलं.

सूर्य पलीकडच्या काठावर टेकला. गुरुजी बोलू की नको अशा विचारात होते. त्यांना बोलावं लागलं नाही. विहीणबाई पुतळ्याजवळ गेल्या, निळ्या सदऱ्याची वरची गुंडी उघडी राहिली होती, ती त्यांनी लावली.

"लाव, गजू."

गजाननभाऊंचा हात चालेना. "आई, तू म्हणतं तर उद्या..."

"नाई. म्या देवाले अख्खा दिवस दिला. हातावर हात ठेवून बसली. त्यानं आयकलं माहं, अन् नाई म्हणलं. नाई म्हणाचा बी त्याले हक्क हाय. लाव."

अग्नी दिला. पळसाची देठं ओली होती, आधी धूर झाला, मग एकदम पेटली. शैला तशीच उभी, दगडासारखी, ओठ दाताखाली. इतके दिवस दाबून दाबून तिला आता रडता येतं की नाही याचीच मला शंका आली. विहीणबाई जाळाला वळसा घालून तिच्यापाशी आल्या, तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढलं.

"रड, बेटा," म्हणाल्या. "आता नाई लागत त्याले."

शैलाच्या तोंडून जो आवाज निघाला तो घाटावरच्या सगळ्यांनी ऐकला असेल. मी थोरली बहीण, सवयीनं तिला गप्प करायला पुढं झाले. विहीणबाईंनी माझा हात धरून मला मागं सारलं, आणि मग त्याही रडू लागल्या.